वीस मिनिटांत सापडलेला रस्ता : एड्सगर डाइकस्ट्रा यांचे आयुष्य

रत्नागिरीतून दुबईला असलेल्या भावाला आपण एक फोटो पाठवतो. दोन-तीन सेकंदांत तिकडून उत्तर येते. मध्ये काय घडले याचा आपण विचारही करत नाही. खरे तर त्या फोटोचे आधी अनेक छोटे तुकडे होतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रे बसलेली असतात. राउटर पॅकेटवरचा पत्ता वाचतो आणि ते पुढच्या कुठल्या राउटरकडे द्यायचे एवढेच ठरवतो. पुढचा राउटर पुन्हा तेच करतो. नेटवर्कच्या ज्या थराला हे काम दिलेले आहे, त्याला नेटवर्क लेयर म्हणतात.

आता प्रश्न असा की राउटरला जवळचा रस्ता कळतो कसा? याचे एक उत्तर इंटरनेटचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी, 1956 साली, हॉलंडमधल्या एका तरुणाने शोधून ठेवले होते. त्याचे नाव एड्सगर डाइकस्ट्रा.

डाइकस्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 रोजी रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक. आईचे गणित उत्तम होते, पण तिने कधी नोकरी केली नाही. एड्सगर यांना दहा वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्ब टाकले आणि शहराचा मधला भाग बेचिराख केला. त्यांच्या शालेय शिक्षणाची काही वर्षे युद्धाच्या काळातच गेली. मोठे झाल्यावर कायदा शिकावा आणि संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाची बाजू मांडावी असे त्यांच्या मनात होते. पण शाळेत गणित आणि विज्ञानात इतके चांगले मार्क पडले की त्यांची वाट बदलली आणि लायडन विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र घेतले.

1951 साली ते केंब्रिजला गेले आणि तिथे प्रोग्रॅमिंगचा एक छोटा उन्हाळी कोर्स केला. पुढच्या वर्षी अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्यांना प्रोग्रॅमर म्हणून काम मिळाले. शिक्षणही सुरू होते आणि नोकरीही. हळूहळू दोन्ही सांभाळणे जड जाऊ लागले. भौतिकशास्त्राला इज्जत होती, विद्यापीठात खुर्ची होती. प्रोग्रॅमिंगला काय होते? ना पदवी, ना पुस्तके, ना कुणी त्याला विद्या मानत होते. या घालमेलीत ते आपले वरिष्ठ आद्रियान फान वाइनखार्डन यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. या विषयाचा पाया अजून कच्चा आहे हे त्यांनी मान्य केले. पण संगणक आता जाणार नाहीत, आणि या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांपैकी तू एक का होऊ नयेस, असे त्यांनी विचारले. डाइकस्ट्रा त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी लवकरात लवकर पुरी केली आणि पुढे प्रोग्रॅमिंगच करायचे ठरवले.

1956 मध्ये केंद्राचा आरमॅक नावाचा नवा संगणक लोकांसमोर आणायचा होता. पाहुण्यांना गणित कळणार नव्हते. साध्या माणसाला समजेल असा प्रश्न हवा होता. डाइकस्ट्रा यांनी विचार केला, हॉलंडमधल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचा सर्वांत जवळचा रस्ता संगणकाकडून काढून घ्यायचा. नकाशात 64 शहरे घेतली. एका सकाळी ते होणाऱ्या पत्नीसोबत, म्हणजे रिया यांच्यासोबत, अॅमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. दोघे दमले आणि कॉफी प्यायला एका कॅफेबाहेर बसले. तिथे बसल्या बसल्या, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल हाती न घेता त्यांनी ही रीत तयार केली.

रीत काय आहे ते बघा. समजा अ गावातून ड गावाला जायचे आहे. अ ते ब 4 कोस, अ ते क 1 कोस, क ते ब 2 कोस, ब ते ड 5 कोस आणि क ते ड 8 कोस. आधी अ पासून सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे. ते क, अंतर 1. आता क वरून बघायचे. ब ला सरळ गेलो तर 4, पण क वरून गेलो तर 3. म्हणून 4 खोडून 3 लिहायचे. ड चे अंतर सध्या 9. उरलेल्यांत ब जवळ आहे, तर ब पक्के. ब वरून ड ला गेले की 8 होतात. 9 खोडून 8 लिहायचे. झाले, अ-क-ब-ड हाच सर्वांत जवळचा रस्ता. सरळ दिसणारा रस्ता दर वेळी जवळचा नसतो, हे इथे कळते. आणि एकदा पक्के केलेले गाव पुन्हा तपासावे लागत नाही, कारण दुसरा कुठलाही रस्ता त्याहून लांबच्या गावावरूनच येणार.

हा शोध तीन वर्षे तसाच पडून होता. असल्या गोष्टीला तेव्हा कुणी गणित म्हणत नव्हते. 1959 साली तो एका जर्मन नियतकालिकात अवघ्या तीन पानांत छापून आला.

दरम्यान 1957 साली त्यांचे रिया यांच्याशी लग्न झाले. नोंदणीच्या कागदावर त्यांनी व्यवसाय लिहिला, प्रोग्रॅमर. पालिकेने तो मानला नाही. असा व्यवसायच नाही म्हणाले. शेवटी कागदावर भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले.

पुढे 1962 मध्ये ते आइंडहोव्हनला प्राध्यापक झाले. 1972 साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1984 पासून ते अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. संगणकाच्या दुनियेत एवढे नाव, पण लिहायचे मात्र फाउंटन पेनने. सुंदर अक्षरात टिपणे लिहून त्यांच्या झेरॉक्स ते मित्रांना पाठवत. अशी तेराशेहून जास्त टिपणे त्यांनी लिहिली. प्रोग्रॅम आधी डोक्यात नीट रचावा, मग यंत्राकडे जावे, हा त्यांचा आग्रह होता. 6 ऑगस्ट 2002 रोजी नूएनन इथे कॅन्सरने त्यांचे निधन झाले.

त्यांची रीत मात्र कामावर आहे. अमेरिकेच्या आर्पानेट या जाळ्यात 1970 च्या दशकाच्या अखेरीस ती आली. 1989 मध्ये ओएसपीएफ नावाचा नियम प्रसिद्ध झाला, त्याच्या पोटातही हीच रीत आहे. यात प्रत्येक राउटर आपले शेजारी कोण आणि तिथवर जायचा खर्च किती, हे सगळ्यांना कळवतो. अशा बातम्या जोडून प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो. मग प्रत्येक राउटर स्वतःला अ गाव मानून हिशोब करतो. कुठे केबल तुटली की बातमी लगेच पसरते, सगळे पुन्हा हिशोब करतात आणि पॅकेट दुसऱ्या वाटेने निघतात. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात जाताना नियम वेगळे असतात, कारण तिथे अंतराबरोबर करारमदारही बघावे लागतात. पण एकेका जाळ्याच्या आत आजही अनेक ठिकाणी त्या कॅफेतला हिशोबच चालतो.

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच चर्चा असते, कुठल्या लाइनला स्कोप आहे? मूल एखादे नवे नाव सांगते आणि आपण म्हणतो, हा काय कामधंदा झाला? पालिकेच्या त्या कारकुनानेही 1957 साली तेच केले. वाइनखार्डन यांनी मात्र मुलाची घालमेल ऐकून घेतली, विषयातली कमी लपवली नाही आणि मेहनतीला जागा कुठे आहे ते दाखवले. आपल्या मुलांशी बोलताना एवढे तर आपल्यालाही जमेल. आणि घरात सातवी-आठवीचे मूल असेल तर वरची चार गावे कागदावर काढून द्या. एक रस्ता बंद करा आणि जवळची वाट पुन्हा शोधायला सांगा. बेरीज येते तेवढे पुरे आहे.