रेव्हरंड नारायण वामन टिळक : पाळक, गृहस्थ आणि शिक्षक

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव मराठी काव्येतिहासात फुलामुलांचे कवी म्हणून स्थिरावले आहे. केशवसुतांच्या समकालीनांत त्यांची गणना होते, बालकवींच्या घडणीत त्यांचा वाटा मान्य केला जातो आणि पुढे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तील एक विलक्षण व्यक्तिरेखा म्हणून त्यांचा विचार होतो. या तिन्ही संदर्भांत त्यांचे पाळकपण मात्र चरित्रातील तपशील एवढ्यापुरतेच उरते. वस्तुतः टिळकांनी आयुष्याची अखेरची जवळजवळ पंचवीस वर्षे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाच्या सेवेत घालविली आणि त्यांच्या वाङ्मयाचा मोठा भाग त्या सेवेच्या गरजेतून जन्मला. या दृष्टीने त्यांच्या चरित्राकडे पाहिले असता कवी, गृहस्थ आणि शिक्षक या तीन भूमिकांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई कवितेची आवड असलेल्या आणि श्रद्धाळू होत्या. वडील वामनराव कोपिष्ट स्वभावाचे होते. आईच्या मृत्यूनंतर अल्पवयातच नारायणाने घर सोडले व तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याचे संस्कृत अध्ययन झाले. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र अपुरेच राहिले. पुढील काळात शिक्षक, कीर्तनकार, संपादक अशा अनेक व्यवसायांतून ते फिरत राहिले. एका ठिकाणी दीर्घकाळ न रमणे हा त्यांचा स्वभावविशेष या काळातच दृढ झाला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी वाचकांना परिचित झाल्या.

नागपूरच्या वास्तव्यात टिळकांना आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला. धर्मविषयक चर्चेसाठी 'ऋषि' हे मासिकही त्यांनी चालविले. हिंदू समाजातील जातिभेद आणि रूढींचे प्राबल्य यांविषयी त्यांच्या मनात या काळात तीव्र असमाधान होते. देशाचे पुनरुत्थान धर्माच्या नव्या अधिष्ठानावाचून शक्य नाही, अशी त्यांची धारणा होत चालली होती. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचण्यास दिला. या वाचनातून सुरू झालेल्या मंथनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्यात झाली. धर्मांतराचा हा निर्णय देशप्रेमाच्या विरोधात नसून त्याच्याच पोटातून आलेला होता, ही गोष्ट त्यांचे पुढील कार्य समजून घेताना विसरता येत नाही.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत त्यांच्या कुटुंबाने मोजली. लक्ष्मीबाई आणि १८९१ साली जन्मलेला मुलगा दत्तू यांच्यापासून टिळकांना काही वर्षे दूर राहावे लागले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या पत्नीला पतीचे धर्मांतर हे वैधव्याहूनही दुःसह वाटावे, अशी तत्कालीन सामाजिक स्थिती होती. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या, त्याही प्रथम आपला आचार सांभाळूनच. पत्नीने आपल्यामागोमाग धर्म बदलावा असा आग्रह टिळकांनी धरला नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. १९०० साली लक्ष्मीबाई व दत्तू यांचा बाप्तिस्मा झाला, तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या मनात झालेल्या परिवर्तनानंतर. टिळकांचा संसार व्यवहाराच्या दृष्टीने नेहमीच अस्थिर राहिला. हातात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे होणे, पूर्वसूचना न देता प्रवासाला निघणे, रागाच्या भरात टोकाला जाणे या गोष्टींचा भार लक्ष्मीबाईंवरच पडत असे. त्यांच्या साधुत्वाचे वर्णन करताना ही बाजू झाकून ठेवणे चरित्रदृष्ट्या प्रामाणिक ठरणार नाही.

नगर येथे डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या सहवासात टिळकांनी ईश्वरविज्ञान विद्यालयात अध्यापन केले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचे स्वरूप या ठिकाणी ध्यानात घेतले पाहिजे. १८३१ पासून नगरमध्ये अमेरिकन मिशनचे कार्य चालू होते. परंतु मंडळीत आलेले बहुसंख्य लोक खेड्यांतील महार-मांग समाजातील होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी अनाथ मुलांचा प्रश्न मिशनसमोर उभा केला. राहुरी, त्यापुढे प्रवराकाठचे कोल्हार आणि भोवतालची खेडी या पट्ट्यात शाळा आणि उपासना ही दोन कामे सहसा वेगळी नव्हती. गावचा ख्रिस्ती शिक्षक हाच बहुधा उपदेशक असे. राहुरी येथे टिळक कुटुंबाने काही काळ वास्तव्यही केले. चित्पावन कुळात जन्मलेल्या, संस्कृत काव्यशास्त्रात मुरलेल्या या कवीसमोर आता अक्षरओळख नसलेला श्रोता होता.

या श्रोत्यासाठी कोणत्या भाषेत बोलावे, हा टिळकांपुढील खरा वाङ्मयीन प्रश्न होता. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मंडळीत म्हटली जात. परंतु ती खेड्यातील माणसाच्या अंतःकरणाला भिडत नसत. वारकरी संतांच्या वाणीशी, विशेषतः तुकोबांच्या अभंगाशी, त्या माणसाचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. टिळकांचे स्वतःचेही ते होते. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, पद, कीर्तन हीच उपासनेची माध्यमे मानली. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या पूर्वसूरींनी पाडलेला होता. टिळकांनी त्याला समर्थ काव्याची जोड दिली. त्यांची पदे मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'त समाविष्ट झाली आणि मुखोद्गत होत गेली. निरक्षर मंडळीला धर्मतत्त्वांचे शिक्षण देण्याचे हे सर्वांत परिणामकारक साधन ठरले. टिळकांचे कवित्व, पाळकपण आणि शिक्षकपण येथे एकरूप झालेले दिसते.

त्यांच्या शिक्षकवृत्तीचे दुसरे क्षेत्र म्हणजे त्यांचे घर. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून देण्याचा उद्योग त्यांनी धर्मांतरापूर्वीच आरंभिला होता. तो अनेकदा खंडित झाला, तरी व्यर्थ गेला नाही. नगरच्या घरात निराधार मुले वाढली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, यांना तर या घरी पुत्रवत प्रेम मिळाले. बालकवी धर्माने हिंदूच राहिले आणि त्यामुळे या स्नेहात कोठेही उणेपणा आला नाही. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते सांभाळले.

मिशनसंस्थेशी असलेले त्यांचे संबंध मात्र उत्तरोत्तर तणावाचे झाले. परदेशी मिशनऱ्यांविषयी त्यांना व्यक्तिशः आदर होता. परंतु पगारदार धर्मसेवक आणि पालकत्वाच्या भूमिकेतील परकी संस्था या रचनेत भारतीय ख्रिस्ती माणूस परावलंबी राहतो, अशी त्यांची खात्री झाली होती. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना या दरबारात स्थान होते. स्वकीयांना हे धाडस अतिरेकी वाटले, तर मिशनला अडचणीचे. प्रयोग पुरता आकाराला येण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या. दफनाची रूढी असलेल्या समाजात एका पाळकाने व्यक्त केलेली ही इच्छा म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या भूमिकेचा शेवटचा उच्चार होता.

टिळकांनी १९०९ मध्ये हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपूर्णच राहिले होते. त्यांच्या सुमारे दहा अध्यायांपुढे लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचले, चिरंजीव देवदत्त यांनी उपसंहार केला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई त्यापूर्वीच, १९३६ साली, निवर्तल्या होत्या. १९३४ ते १९३६ या काळात प्रकाशित झालेली 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्राचा मानदंड ठरली. 'देवाचा दरबार' संस्थापकाच्या मागे फारसा टिकला नाही. ज्या स्त्रीला टिळकांनी तुटक-तुटक धडे देऊन लिहितेवाचते केले, तिने मात्र त्यांचे अपुरे काव्य पुढे नेले आणि त्यांच्या गुणदोषांसह त्यांना मराठी वाङ्मयात जिवंत ठेवले. संस्थापक म्हणून टिळक अयशस्वी ठरले असे म्हणता येईल. शिक्षक म्हणून त्यांना मिळालेले यश मात्र त्यांच्या स्वतःच्याही अपेक्षेपलीकडचे होते.