जिमी हेंड्रिक्सचा सूर ज्या डबीतून यायचा, ती डबीच बेभरवशाची होती

३१ ऑगस्ट १९७०. रात्रीचे बारा वाजून गेलेले. इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट नावाचं एक बेट आहे, तिथल्या मैदानात लाखोंची गर्दी जमलेली. स्टेजवर त्या काळातला सगळ्यात गाजलेला गिटारिस्ट उभा आहे आणि त्याच्या ॲम्प्लिफायरमधून गिटारसोबत चक्क सिक्युरिटीवाल्यांचं वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकू येतंय.

जिमी हेंड्रिक्सने वाजवणं थांबवलं नाही. असल्या बिघाडांची त्याला सवय होती.

जिमी म्हटलं की लोकांना पेटवलेली गिटार आठवते. डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा, दातांनी तारा छेडणारा जिमी आठवतो. पण त्याच्या पायाशी पडलेल्या छोट्या डब्यांबद्दल फार कमी बोललं जातं. त्याचा तो घोंघावणारा, फाटलेला, तरी गाणारा आवाज या डब्यांमधून यायचा. आणि या डब्या कधी दगा देतील याचा नेम नसायचा.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. घरची परिस्थिती बेताची, आईवडिलांचं पटत नव्हतं. लहानपणी हा पोरगा झाडू हातात धरून गिटार वाजवल्याची नक्कल करत फिरायचा. १९५७ मध्ये वडिलांसोबत एका बाईंच्या घरातला कचरा काढायला गेला असताना त्याला एक जुनं युकुलेली सापडलं. त्याला एकच तार होती. त्या एका तारेवर तो ऐकून ऐकून सूर काढायला शिकला. पुढच्याच वर्षी आई वारली. त्याच सुमारास त्याने पाच डॉलरला एक साधी गिटार घेतली आणि १९५९ मध्ये वडिलांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली.

मग चोरीच्या गाडीत सापडल्यामुळे पोलिसांचं लचांड मागे लागलं. १९६१ मध्ये तो सैन्यात भरती झाला, वर्षभरात बाहेरही पडला. पुढची काही वर्षं आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांच्या मागे उभं राहून गिटार वाजवण्यात गेली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॅफेत त्याला ॲनिमल्स बँडच्या चॅस चँडलरने ऐकलं आणि सप्टेंबरमध्ये थेट लंडनला नेलं.

इथे त्या डबीची एन्ट्री होते.

त्याआधी थोडं मागे जाऊ. गिटारचा फाटलेला आवाज लोकप्रिय होण्यामागेही एक बिघाडच होता. १९६०-६१ च्या सुमारास नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला. ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज फाटून आला. पण तो ऐकायला इतका भारी वाटला की तसाच ठेवला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने बिघाड शोधला आणि नंतर तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते फझ-टोन नावाने बाजारात आलं. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, तीही एक मुद्दाम आणलेली झणझणच. फरक इतकाच की तिथे कानस चालते आणि इथे ट्रान्झिस्टर.

हे काम चालतं कसं? गिटारमधून येणारा सिग्नल लाटेसारखा असतो. ट्रान्झिस्टरने तो प्रमाणाबाहेर मोठा केला की लाटेचा माथा बॅटरीच्या मर्यादेला जाऊन आदळतो आणि सपाट कापला जातो. त्या कापण्यातून नवे उपस्वर तयार होतात, आवाज जाड होतो, तार छेडल्यावर सूर बराच वेळ टिकतो.

१९६६ च्या शेवटी लंडनच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस नावाचं पेडल काढलं. दिसायला माइक स्टँडच्या बुडासारखं गोल. आत दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, वर आवाजाची दोन बटणं आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बस. जिमीला ते आवडलं.

पण एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर एकसारखे निघतील याची त्या काळी काहीच खात्री नव्हती. एकाचा गेन जास्त, दुसऱ्याचा कमी. काहींमधून तर बंद असतानाही करंट गळायचा. फॅक्टरीत हे भाग फारसे न निवडताच बसवले जायचे. परिणाम असा की दुकानातल्या दहा फझ फेसमधला एखादाच गोड वाजायचा, बाकीचे नुसती घरघर करायचे. जिमी बरेच फझ फेस वाजवून बघायचा आणि त्यातला चांगला निवडायचा, असं सांगितलं जातं.

निवडलेलाही कायम साथ देईल असं नव्हतं. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की गळणारा करंट दुप्पट होतो. म्हणजे दुपारी थंड हॉलमध्ये मस्त वाजलेलं पेडल रात्री तापलेल्या दिव्यांखाली गळा दाबल्यासारखं वाजू शकतं. सूर लांबण्याऐवजी मध्येच तुटतो. पेडल खराब झालं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणठणीत!

जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या एका क्लबमध्ये जिमीला रॉजर मेयर भेटला. हा गडी ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात आवाज आणि कंपनांवर काम करायचा आणि हौस म्हणून जेफ बेक, जिमी पेजसारख्या गिटारिस्ट मित्रांसाठी पेडल बनवायचा. जिमीच्या करिअरमधली ही भेट चँडलरच्या भेटीइतकीच मोलाची म्हणायला हवी. मेयरने वरच्या सप्तकातला सूर सोबत जोडणारं ऑक्टेव्हिया नावाचं पेडल बनवलं होतं. फेब्रुवारीत ‘पर्पल हेझ’च्या रेकॉर्डिंगमध्ये ते वापरलं गेलं, मार्चमध्ये गाणं बाहेर आलं आणि हा आवाज नेमका कशाचा आहे हेच ऐकणाऱ्यांना कळेना.

पण मेयरचं दुसरं काम कमी दिसणारं होतं. तो जिमीचे फझ फेस उघडायचा, ट्रान्झिस्टर तपासून निवडायचा, सर्किटची किंमत थोडी इकडेतिकडे करून ते ताळ्यावर आणायचा. १९६८ च्या सुरुवातीला तो अमेरिकेच्या दौऱ्यावरही सोबत होता.

आवाज गेला की आधी बिघाड कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि त्याची रीत आजही तीच आहे. पेडल पायाने बंद करायचं. तरीही गिटार ऐकू येत नसेल, तर संशय केबलवर, जॅकवर किंवा पायाच्या स्विचवर. बंद असताना आवाज येतो आणि चालू केल्यावर जातो, तर बिघाड आतल्या सर्किटमध्ये किंवा बॅटरीत. बॅटरीचं तर खास आहे. अशा बहुतेक पेडलमध्ये इनपुटला केबल खोचली की बॅटरी चालू होते, म्हणून रात्रभर केबल तशीच राहिली की सकाळी पेडल गार. बटण फिरवताना खरखर आली तर आत धूळ बसलेली असते. केबल हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर कुठेतरी सोल्डर सुटलेलं असतं. तेही नसेल, तर ट्रान्झिस्टर. आणि जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर बदलताना पायाला पकडीचं तोंड लावून धरावं लागतं, नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच नवा भाग मरतो.

जिमीने स्वतः एक भानगड वाढवून ठेवली होती. तो वाह पेडल आधी आणि फझ फेस नंतर जोडायचा. फझ फेस मागून येणारा सिग्नल इतका ओढून घेतो की ही जोडी एकमेकांशी भांडते, कधी शिट्टीसारखी किंचाळते. कुठलाही मेकॅनिक हा दोष म्हणून दुरुस्त करेल. जिमीने त्यातूनही सूर काढले.

पुढे फझ फेसमध्ये सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. उष्णतेचा त्रास बराच कमी झाला, आवाज जास्त धारदार झाला. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकला तो स्टेजवर आला तेव्हा पावसाने कार्यक्रम लांबून निम्मीअधिक गर्दी घरी गेली होती. उरलेल्यांसमोर त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. फझ, वाह आणि गिटारच्या दांडीतून बाँब पडल्यासारखे, सायरन वाजल्यासारखे आवाज निघाले, आणि गाण्यात शब्द एकही नव्हता.

२६ ऑगस्ट १९७० ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओचं उद्घाटन झालं. हवी ती यंत्रं, हवा तितका वेळ, अखेर स्वतःची जागा. लगेच तो इंग्लंडला निघाला, आयल ऑफ वाइटसाठी.

तिथल्या वॉकीटॉकीचं कोडं तसं सोपं आहे. लांब केबल अँटेनासारखी वागते आणि खूप गेन असलेल्या सर्किटमधला ट्रान्झिस्टर रेडिओचा सिग्नल पकडून ऐकू येईल असा करतो. इनपुटवर एक छोटा कपॅसिटर बसवला की बऱ्याचदा काम भागतं. दुकानात दहा मिनिटांचं काम, पण चालू कार्यक्रमात अशक्य.

त्यानंतर अठरा दिवसांनी, १८ सप्टेंबरला, जिमी लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने गेला. वय २७. स्वतःचा स्टुडिओ उघडून महिनाही झाला नव्हता. चौकशीत मृत्यूमागचा हेतू स्पष्ट झाला नाही.

त्याच्या नावाचे फझ फेस आजही मिळतात. जुने जर्मेनियमवाले दुरुस्तीला आले की मेकॅनिक मागचं झाकण उघडतो, दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मल्टिमीटर लावतो आणि आकडा बॅटरीच्या निम्म्यावर, साडेचार व्होल्टच्या आसपास येईपर्यंत रेझिस्टर बदलत राहतो. आणि हे करताना खोलीतला पंखा चालू आहे ना, हेही बघतो.