डॉ. आनंदीबाई जोशी आणि सुईणीची विद्या



यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, घाटंजी, झरी जामणी या तालुक्यांतील कोलाम पोडांवर भर पावसाळ्यात जाण्याचा प्रसंग ज्याला आला आहे, त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. रात्री एखाद्या स्त्रीची वेळ भरली, तर तिच्याजवळ कोण असेल आणि त्या व्यक्तीला काय येत असेल? यवतमाळला 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु महाविद्यालय आणि पोड यांच्यामधील वाट लांबच आहे. हाच प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका चौदा वर्षांच्या मराठी मुलीपुढे तिच्या स्वतःच्या बाळाच्या मृत्यूने उभा केला. तिचे चरित्र कादंबरी व चित्रपट यांमुळे पुष्कळांना ठाऊक आहे. आम्ही येथे त्यातील प्रसूतिविद्येचा धागा तेवढा हाती घेत आहोत.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेरचे नाव यमुना, घर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी या विधुर गृहस्थांशी झाला. गोपाळरावांविषयी आमचे मत आजही एकसारखे ठरत नाही. पत्नीने शिकावे हा त्यांचा ध्यास काळाच्या फार पुढचा होता. पण अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून तिला मारणारा हातही त्यांचाच होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. योग्य उपचार मिळाले असते तर तो वाचला असता, ही खंत त्यांना सोडून गेली नाही.

त्या काळची बाळंतिणीची खोली म्हणजे बहुधा घरातील सर्वांत अंधारी, धुराने कोंदलेली जागा. सुईण अनुभवी असे, परंतु हात निर्जंतुक करण्याचे महत्त्व तिला कोणी सांगितलेले नसे. युरोपातही स्थिती फार निराळी नव्हती. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात हात धुतल्याने बाळंतज्वराचे मृत्यू घटतात, हे सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये दाखविले, तेव्हा खुद्द डॉक्टरांनीच ते मानण्यास नकार दिला. दोष एकट्या सुईणीच्या अडाणीपणाचा नव्हता. तिची विद्या ही विद्या आहे, हेच कोणी मानत नव्हते.

येथे आपण ख्रिस्ती वाचकांनी थोडे थांबावे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी पूर्वी कोल्हापुरात कार्य केलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. या दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, अशी त्यांची अपेक्षा होती. जोशी दांपत्याला ते मान्य झाले नाही. वाइल्डर प्रॉटेस्टंट होते, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येईल. पण ते प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. त्यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. 1880 मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना तो त्यांच्या वाचनात आला. त्याही ख्रिस्तीच होत्या. त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना घर देऊ केले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

जाण्यापूर्वी, 24 फेब्रुवारी 1883 रोजी, श्रीरामपूर येथे (नगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालमधील) महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी लोकांपुढे आपली भूमिका मांडली. अमेरिकेस कशाला जायचे, येथे शिकता येत नाही काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते. मद्रासला एक महाविद्यालय आहे, प्रत्येक इलाख्यात सुईणींचे वर्गही आहेत. पण तेथील शिक्षण अपुरे असून शिकविणाऱ्यांची दृष्टी संकुचित आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अठराही पूर्ण नव्हते.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय 1850 मध्ये स्थापन झालेले. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रेमाने सांभाळले. शरीररचना, रसायन, औषधे, शस्त्रक्रिया, प्रसूती, सर्व विषय परक्या भाषेत, नऊवारी नेसून, शाकाहार सांभाळून, त्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत. प्रकृती तेथेच ढासळू लागली. तरीही 11 मार्च 1886 रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. संस्कृत वैद्यकग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके त्यांनी एकाच लेखनात समोरासमोर आणली. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आवर्जून गेल्या होत्या.

आपल्या चर्चची त्या वेळची गोष्टही सांगितली पाहिजे. व्रतस्थ भगिनींना प्रसूतीचे काम करण्यास मनाई होती. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जात नसत आणि धर्मभगिनींना बाळंतपण करता येत नसे. मधल्या मध्ये माता मरत. वयाच्या साठीनंतर कॅथलिक झालेल्या स्कॉटिश डॉक्टर ॲग्नेस मॅक्लॅरेन यांनी रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी रुग्णालय उभारण्यास हातभार लावला आणि ही मनाई उठावी म्हणून रोमकडे वारंवार विनवण्या केल्या. त्या 1913 मध्ये निवर्तल्या. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगल यांनी 1925 मध्ये वैद्यकीय मिशनच्या भगिनींचा संघ स्थापिला. रोमने अनुमती दिली ती 11 फेब्रुवारी 1936 रोजी. आज आपण धर्मभगिनींच्या प्रसूतिगृहांचा अभिमान बाळगतो, तेव्हा आनंदीबाईंच्या पदवीनंतर त्यासाठी पन्नास वर्षे लागली, हेही ध्यानात असावे.

कोल्हापूर संस्थानने आपल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभाग आनंदीबाईंच्या हाती सोपविण्याचे ठरविले होते. नोव्हेंबर 1886 मध्ये त्या मुंबईत उतरल्या, त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. कोल्हापूरला रुजू होणे घडलेच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उणा होता. ज्या विद्येसाठी त्या समुद्रापलीकडे गेल्या, तिचा उपयोग करून मायदेशी एकही बाळंतपण त्यांच्या हातून होऊ शकले नाही.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्या नावाची शिळा आहे.