‘ग्रीन फॅक्टरी’ हा शब्दही नव्हता, तेव्हा जमशेटजी टाटांनी नागपुरात काय केलं होतं?

नागपूरचा मे महिना काय असतो हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि हवा इतकी कोरडी की धुतलेले कपडे बघता बघता वाळतात. अशा गावात सूतगिरणी काढायची म्हटलं की माणसांच्या आधी सुताचीच तब्येत बिघडते. कोरड्या हवेत कापसाचा धागा ठिसूळ होतो आणि चातीवर ताण पडला की तटकन तुटतो.

तरीही १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एक मोठी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, म्हणून गिरणीला नाव मिळालं एम्प्रेस मिल. मालक होते जमशेटजी नसरवानजी टाटा.

आज एखादी कंपनी नवं ऑफिस किंवा कारखाना बांधते तेव्हा ‘ग्रीन बिल्डिंग’चं सर्टिफिकेट मिळवायची धडपड करते. त्यासाठी काय तपासतात? जागा कुठे निवडली, आत हवा कशी खेळते, पाणी आणि वीज कुठून येते, काम करणाऱ्यांच्या तब्येतीचं काय. या यादीतल्या बऱ्याच गोष्टींवर जमशेटजींनी दीडशे वर्षांपूर्वी डोकं लावलं होतं. पण पर्यावरण वाचवणं हा काही त्यांचा हेतू नव्हता. त्यांना गिरणी फायद्यात चालवायची होती, आणि म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

नवसारीचा मुलगा, मुंबईचा व्यापारी

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं, पण वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात उतरले होते. जमशेटजींनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण केलं आणि तेही वडिलांच्या धंद्यात आले. त्या काळच्या मुंबईतल्या अनेक पेढ्यांप्रमाणे टाटांचाही चीनशी व्यापार होता. त्यात कापूस होता आणि अफूही होती.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कितीतरी पेढ्या बुडाल्या. टाटाही अडचणीत आले. त्यातून सावरून जमशेटजींनी १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्याच वर्षी चिंचपोकळीतली एक बुडालेली तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली. ती नफ्यात विकली आणि सूतधंदा बघायला थेट इंग्लंडमधलं लँकेशायर गाठलं.

लँकेशायर जगाचं कापड विणत होतं, त्यात तिथल्या दमट हवेचाही वाटा होता. कापडगिरणीत हवासुद्धा यंत्राइतकीच महत्त्वाची असते.

मुंबई सोडून नागपूर का?

तेव्हा गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. बंदर जवळ, पैसा जवळ, हवाही दमट. पण कापूस पिकायचा वऱ्हाडात. तो मुंबईला न्यायचा आणि तिथलं कापड पुन्हा आतल्या बाजारात आणायचं, हा उलटसुलट प्रवास जमशेटजींना पटत नव्हता. कापूस, रेल्वे, पाणी आणि कोळसा हे सगळं जिथे हाताशी असेल तिथे गिरणी असावी, असा त्यांचा हिशेब होता. नागपूर त्यात बसलं. १८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी उभी राहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर वाहतुकीचं इंधन वाचवणारी ‘साइट सिलेक्शन’ होती ती.

जागा मात्र घेतली ती स्टेशनजवळची दलदलीची. भराव टाकण्यातच बराच खर्च झाला. नागपूरच्या एका मारवाडी सावकारानं तर भांडवल द्यायला नकार दिला. सोनं मातीत घालणारा हा कसला व्यापारी, असं त्याला वाटलं होतं. पुढे गिरणीचा नफा बघून त्यानंच कबूल केलं की या माणसानं माती घातली आणि सोनं काढलं.

हवा, पाणी आणि आग

सुरुवात धडाक्यात वगैरे झाली नाही. पहिली यंत्रं स्वस्तातली होती आणि मालही यथातथाच निघत होता. मग यंत्रं बदलली गेली. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि जमशेटजी यांनी ‘रिंग स्पिंडल’ ही नव्या पद्धतीची चाती तेव्हा आणली, जेव्हा लँकेशायरचे बरेच गिरणीवालेही तिच्याकडे संशयानं बघत होते.

त्यांनी इमारतीकडेही तितकंच लक्ष दिलं. आत हवा खेळती राहील अशी व्यवस्था झाली. हवेत ओलावा सोडणारी ह्युमिडिफायर यंत्रं बसली. तत्त्व साधं आहे. पाण्याचे बारीक कण हवेत सोडले की ते वाफ होताना हवेतली उष्णता घेतात. हवा थोडी थंड होते, दमट होते आणि धागा तुटायचा कमी होतो. विदर्भातला प्रत्येक कूलर याच तत्त्वावर चालतो.

दुसरा धोका आगीचा. गिरणीत कापसाचे तंतू सतत उडत असतात आणि एक ठिणगी सगळं संपवू शकते. त्यासाठी एम्प्रेस मिलमध्ये स्प्रिंकलर आले, म्हणजे उष्णता वाढताच छतातल्या नळ्यांतून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा. भारतातल्या गिरण्यांमध्ये या दोन्ही गोष्टी सगळ्यांत आधी आणणाऱ्यांत एम्प्रेस मिलचं नाव घेतलं जातं.

माणसं टिकत नव्हती

नागपूरच्या लोकांना भोंग्यावर कामाला जायची सवय नव्हती. आज आले, उद्या नाहीत. मुंबईतले मालक दंड करायचे. इथे उलटा प्रयोग झाला. चांगल्या कामाला बक्षिसं, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई. तेव्हा यातलं काहीच कायद्यानं बंधनकारक नव्हतं.

याचा अर्थ गिरणी म्हणजे स्वर्ग होता असा नाही. पुरुष कामगारांच्या तासांवर कायद्याची मर्यादा यायला १९११ साल उजाडावं लागलं. त्याआधी गिरणीकामगारांचा दिवस उजेडाबरोबर सुरू व्हायचा आणि उजेडाबरोबरच संपायचा. पण बारा-चौदा तास ज्या हवेत माणूस उभा राहतो, ती हवा मालकाच्या हिशेबात आली, एवढा बदल इथे झाला.

मुंबईच्या धुरावर उपाय

१८८६ मध्ये जमशेटजींनी कुर्ल्याची एक खिळखिळी गिरणी घेतली आणि तिचं नाव ठेवलं स्वदेशी मिल. तेव्हाची मुंबई चिमण्यांची होती. गिरण्यांना लागणारा कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा आणि धूर सगळ्या शहरावर बसायचा.

डेव्हिड गोस्टलिंग नावाच्या इंजिनिअरनं एक कल्पना मांडली. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो. ते पाणी लोणावळ्याजवळ अडवायचं, पाइपांतून खोपोलीला खाली सोडायचं आणि त्या जोरावर वीज तयार करायची. उतार सुमारे ५०० मीटरचा. जमशेटजींनी ही कल्पना उचलून धरली, पण ती पूर्ण झालेली बघायला ते राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं.

काम त्यांच्या मुलांनी, दोराबजी आणि रतनजी यांनी पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी निघाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळसा न जाळता गिरणी चालू शकते हे मुंबईनं पहिल्यांदा पाहिलं.

पोलाद कारखान्याचंही तसंच. १९०२ मध्ये जमशेटजींनी परदेशातून दोराबजींना पत्र लिहून कळवलं होतं की कामगारांच्या गावात रस्ते रुंद ठेव, भराभर वाढणारी सावलीची झाडं लाव, बागा आणि खेळाची मैदानं सोड, मंदिर, मशीद, चर्च यांनाही जागा ठेव. तेव्हा कारखाना कुठे होणार हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. पुढे साकचीला जे गाव वसलं, त्याला १९१९ मध्ये जमशेदपूर हे नाव मिळालं.

आणि मग मुळशी

इथे गोष्ट संपवली तर ती अर्धीच राहील.

लोणावळ्याची वीज पुरेना, म्हणून टाटांच्या वीज कंपनीनं पुणे जिल्ह्यातल्या मुळशीत, मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ धरण हाती घेतलं. त्यात सुमारे ५० गावांची भातशेती पाण्याखाली जाणार होती. हे मावळातले शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या त्याच खाचरांवर जगणारे. १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते होते. याच लढ्यानं बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. मावळे आणि त्यांच्या बायका बांधकामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत आंदोलन संपलं आणि धरण झालं. जगात धरणाविरुद्ध झालेल्या पहिल्या संघटित लढ्यांमध्ये मुळशीची गणना होते.

तेव्हा जमशेटजींना जाऊन १७ वर्षं झाली होती. त्यामुळे मुळशीचा निर्णय त्यांच्या नावावर मांडता येणार नाही. पण विचार त्याच वाटेवरचा होता. गिरणीतली हवा, धागा, कोळसा, कामगार, शहरावरचा धूर, या सगळ्यांचा हिशेब मांडला गेला, कारण त्यातलं प्रत्येक काही ना काही गिरणीच्या वहीत उमटत होतं. मुळशीचं भाताचं खाचर त्या वहीत फक्त नुकसानभरपाईची एक रक्कम होतं.

एम्प्रेस मिल आता नाही. तिच्या जागेवर नागपूरकर मॉलमध्ये फिरायला जातात. मुळशीचं धरण मात्र आजही वीज देतं. एखाद्या चकचकीत ऑफिसच्या दारावर पुढच्या वेळी ग्रीन सर्टिफिकेट दिसलं, तर आतली हवा आणि दिवे जरूर बघा. त्याबरोबर ती वीज, ते पाणी आणि ती जमीन कुठून आली, तेही विचारा. जमशेटजींच्या गोष्टीचा तोही अर्धा भाग आहे.