वाघाला स्वतःचाच फोटो काढायला लावणारा फॉरेस्ट ऑफिसर

२०१९ चा डिसेंबर महिना. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात एक पाहुणा येऊन पोचला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला हा तरणाबांड वाघ. वनखात्याच्या कागदावर त्याचं नाव सी-१. गळ्यात कॉलर असल्यामुळे त्याच्या प्रवासाचा हिशोब लागला. तेलंगणात जाऊन, परत महाराष्ट्रात येऊन, शेतं, नाले आणि हायवे ओलांडत तो तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्यात आला होता. देशभर बातम्या झाल्या. एप्रिल २०२० मध्ये ती कॉलर काढण्यात आली, तोवर त्याच्या नावावर तीन हजार किलोमीटरहून जास्त चाल जमा झाली होती.

आता प्रश्न असा, की कॉलर निघाल्यावर हाच तो वाघ हे ओळखायचं कसं?

तर पट्ट्यांवरून. जंगलात झाडांना त्या हिरव्या-तपकिरी डब्या बांधलेल्या असतात ना, कॅमेरा ट्रॅप, त्यांच्यासमोरून वाघ गेला की आपोआप फोटो निघतो. तो फोटो आधीच्या फोटोशी ताडून बघायचा. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही तसे वाघाचे पट्टेही जुळत नाहीत.

ही आयडिया आजकालची वाटते, पण तिला शंभर वर्षं होत आली. भारताच्या जंगलात ती ज्याने राबवली तो ना शास्त्रज्ञ होता ना पगारी फोटोग्राफर. तो होता सरकारी नोकरीतला एक इंग्रज फॉरेस्ट ऑफिसर, फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन.

जिम कॉर्बेट सगळ्यांना माहिती असतो. त्याच कॉर्बेटला बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळवण्यात ज्याचा मोठा हात होता, तो हा चॅम्पियन.

२४ ऑगस्ट १८९३ ला इंग्लंडच्या सरे भागात त्याचा जन्म झाला. घरात वातावरणच वेगळं होतं. वडील जॉर्ज चार्ल्स चॅम्पियन हे कीटकशास्त्रज्ञ. त्यामुळे किडे, भुंगे, पाकोळ्या बघत पोरं मोठी झाली. भाऊ हॅरी चॅम्पियन पुढे भारतातच वन अधिकारी झाला आणि त्याने भारतातल्या जंगलांचं प्रकारानुसार वर्गीकरण केलं. आजही वनखात्याची कागदपत्रं त्याच वर्गीकरणावर चालतात. म्हणजे ज्ञानगंगेचं जंगल शुष्क पानगळीचं आहे, असं सरकारी अहवालात लिहिलेलं असतं त्यामागे एक भाऊ, आणि तिथल्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यामागे दुसरा भाऊ. एका घरातून एवढं येणं म्हणजे गंमतच.

१९१३ ला फ्रेडरिक भारतात आला, पण जंगल खात्यात नाही, तर पोलिसात. पूर्व बंगालमध्ये १९१६ पर्यंत त्याने पोलीस खात्यात काम केलं. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. मग तो सैन्यात गेला आणि वायव्य सरहद्दीवर कोहाटकडे राहिला. युद्ध संपल्यावर त्याने इंपीरियल फॉरेस्ट सर्व्हिस धरली आणि संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, तो रुजू झाला. शिवालिकच्या टेकड्या, साल वृक्षांची जंगलं, हत्ती, वाघ, बिबटे. साहेबाला हवं ते मिळालं होतं.

त्या काळात साहेब लोकांचं जंगलाशी नातं कसलं होतं, हे एकदा लक्षात घ्यायला हवं. फॉरेस्ट ऑफिसर म्हटलं की शिकार आलीच. वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढायचा, कातडं दिवाणखान्यात अंथरायचं. संस्थानिक तर त्याच्याही पुढे. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर हजाराहून जास्त वाघ सांगितले जातात. वर सरकारकडून हिंस्र प्राणी मारणाऱ्याला रोख बक्षीस मिळायचं. वाघाचा फोटो म्हणजे मेलेल्या वाघाचा फोटो, एवढं सरळ गणित होतं.

चॅम्पियनला ही शिकारीची हौसच आवडायची नाही. जंगलात जिवंत, मोकळा फिरणारा वाघ त्याला फोटोत पकडायचा होता.

इथे अडचण सुरू झाली.

वाघ फिरतो रात्री. तेव्हाच्या कॅमेऱ्यात काचेची प्लेट किंवा फिल्म असायची आणि ती इतकी मंद, की उजेड भरपूर लागायचा. लांबचं जवळ आणणाऱ्या आजच्यासारख्या लेन्स नव्हत्या, म्हणजे वाघ काही पावलांवर हवा. आणि काही पावलांवर माणूस बसलाय म्हटल्यावर वाघ येणार कशाला? त्याला चाहूल लागली की तो वाट बदलतो. हत्तीवर बसून दिवसाउजेडी प्रयत्न करता येतो, चॅम्पियनने तेही केलं, पण रात्रीचं काय?

उत्तर एकच. फोटो निघताना माणूस तिथे नकोच. मग शटर दाबणार कोण? वाघ.

तशी ही कल्पना त्याची एकट्याची नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास नावाच्या वकिलाने हरणांचे असे फोटो त्याच्या आधीच काढले होते. प्राण्याचा पाय दोरीला लागला की कॅमेरा चालायचा. १९०६ च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिकने शिरासचे ७४ फोटो छापले. पण हरीण वेगळं आणि भारताच्या जंगलातला वाघ वेगळा.

चॅम्पियनची पद्धत ऐकायला सोपी आहे. वाघ ज्या वाटेने नेहमी जातो ती वाट शोधायची. वाटेवर आडवी बारीक तार ताणायची. कॅमेरा बाजूला रोखून ठेवायचा, शेजारी फ्लॅशची पावडर. वाघाचा पाय तारेला लागला की पावडर भडकणार, लख्ख उजेड पडणार आणि त्याच क्षणी फोटो निघणार. याला म्हणतात ट्रिपवायर.

करायला मात्र घाम फुटेल असं काम. पहिली गोष्ट म्हणजे वाट. वाघ कुठल्या पायवाटेने, कुठल्या कोरड्या ओढ्यातून जातो हे पगमार्क बघून शिकावं लागतं. हे पुस्तकात वाचून येत नाही, त्यासाठी जंगल पायाखाली घालावं लागतं. फॉरेस्टची नोकरी इथे कामी आली. दुसरी गोष्ट तारेची उंची. तार खाली बांधली तर साळिंदर किंवा ससाच तिला लागणार, वर बांधली तर वाघ खालून निघून जाणार. आणि अशा मांडणीत एका वेळी एकच डाव. पावडर एकदा जळली की संपली, प्लेट एकदा उजळली की संपली. रात्री नऊला एखादा कोल्हा तारेत अडकला, तर पहाटे तीनला आलेला वाघ नुसताच निघून जाणार. तिसरं म्हणजे दव. पावडर दमट झाली तर पेटत नाही. चौथं, उजेड आणि शटर यांचा मेळ. जरा मागंपुढं झालं तर प्लेटवर नुसता अंधार नाहीतर अर्धी शेपूट.

आणि निकाल कळणार कधी? प्लेट धुतल्यावर. आजच्यासारखं मागच्या स्क्रीनवर बघून डिलीट मारायची सोय नव्हती.

यात त्याची कित्येक वर्षं गेली. दिवसा सरकारी काम, झाडांची मोजदाद, तोडीचे हिशोब, आणि संध्याकाळी तार बांधायला जंगलात. शेवटी यश आलं. ऑक्टोबर १९२५ मध्ये लंडनच्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने त्याचे वाघाचे फोटो पहिल्या पानावर झळकवले. आपल्याच जंगलात, आपल्याच नादात चाललेला वाघ, ना जखमी ना मेलेला. जगाने असा वाघ फोटोत क्वचितच पाहिला असेल.

१९२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड. १९३४ मध्ये दुसरं, द जंगल इन सनलाइट अँड शॅडो. त्याच्या तारेला फक्त वाघच लागले असंही नाही. बिबटे लागले, अस्वलं लागली. शिकाऱ्यांच्या गप्पांमध्ये ज्यांना कुणी विचारत नव्हतं, अशा लहानसहान निशाचर प्राण्यांचेही फोटो त्याच्या संग्रहात आले.

पण त्याचं खरं मोठं काम फोटोंच्या गठ्ठ्यातून निघालं. एकाच भागातले फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आहेत. म्हणजे काल आलेला वाघ आणि आज आलेला वाघ एकच की दोन, हे वाघाला न मारता, न पकडता सांगता येतं. त्या काळात याचं महत्त्व फार कुणाला कळलं नाही. वाघ मोजायची गरज कुणाला वाटत होती? वाघ भरपूर आहेत असंच सगळे धरून चालले होते.

चॅम्पियन मात्र धरून चालला नव्हता. नोकरीत राहूनच त्याने सरकारला नको असलेल्या गोष्टी लावून धरल्या. बंदुकीच्या परवान्यांवर मर्यादा आणा. राखीव जंगलात मोटारगाड्या सोडू नका, कारण गाडीत बसून, दिव्याच्या झोतात शिकार करणं फारच सोपं झालं होतं. आणि प्राणी मारण्याबद्दलची बक्षिसं कमी करा. म्हणजे ज्या व्यवस्थेचा पगार खायचा, तिच्याच साहेबांच्या आवडत्या खेळावर बोट ठेवायचं. क्लबात संध्याकाळी त्याच्याकडे कशा नजरेने बघितलं जात असेल, याचा अंदाज लावायला हरकत नाही.

जिम कॉर्बेट त्याच काळात कुमाऊंत होता. नरभक्षक मारणारा म्हणून त्याचं नाव गाजत होतं. चॅम्पियनचे फोटो बघून त्याच्यावर परिणाम झाला आणि पुढे तो स्वतः कॅमेरा घेऊन वाघांच्या मागे लागला. दोघांच्या आणि इतरांच्या प्रयत्नांतून १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क उभं राहिलं. भारतातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. पुढे त्याला कॉर्बेटचं नाव मिळालं. चॅम्पियनच्या वाट्याला पाटी आली नाही.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि चॅम्पियन पूर्व आफ्रिकेत निघून गेला. तिथेही वनखात्याचंच काम. शेवटची वर्षं स्कॉटलंडमध्ये गेली आणि १९७० मध्ये तो वारला. योगायोग बघा, भारतात वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली तेही साल १९७०. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झाला. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं, आणि बुलढाण्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य आज त्याच मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

चॅम्पियनची पट्ट्यांची गोष्ट परत वर यायला मात्र आणखी वेळ लागला. आपल्याकडे कित्येक वर्षं पगमार्कवरून वाघ मोजले जायचे. १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅप लावून, पट्टे ताडून वाघांची संख्या काढायची शास्त्रीय पद्धत बसवली. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. फोटो निघाले तीन कोटी ४८ लाखांच्या वर. त्यातले ७६,६५१ वाघांचे. गिनीज बुकाने याची नोंद घेतली. चॅम्पियन एका रात्री एका प्लेटवर खेळत होता, हे इथे आठवायचं.

आता ही तार गेली कुठे? तिची जागा सेन्सरने घेतली. कॅमेरा ट्रॅपमधला सेन्सर समोर काही गरम हललं की ते ओळखतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात. पण सेन्सरचीही खोड आहे. विदर्भात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. हवाच प्राण्याच्या अंगाइतकी तापली की सेन्सरला दोन्हींतला फरक नीट कळत नाही आणि एखादा प्राणी निसटतो. उलट भर दुपारी वाऱ्याने तापलेलं गवत हललं तरी कॅमेरा उगाच फोटो काढत बसतो. दव आणि साळिंदर गेलं, ऊन आणि गवत आलं.

हौशी फोटोग्राफरपुढेही निवड तीच आहे, आपण कॅमेऱ्यापासून किती लांब राहायचं? लपणातच बसायचं असेल आणि नुसता हात हलू नये एवढंच हवं असेल, तर वायरचा साधा केबल रिलीज पुरतो. इन्फ्रारेड रिमोट स्वस्त पडतो, पण तो टीव्हीच्या रिमोटसारखा, समोर आडकाठी नको आणि अंतरही थोडंच. मध्ये झुडुपं असतील तर रेडिओवर चालणारा रिमोट लागतो. पाणवठ्यावर रात्रभर कॅमेरा सोडायचा असेल तर सेन्सरच हवा. रिमोट कितीही भारी घेतला आणि शटरच खटकन वाजलं तर प्राणी उधळणार, म्हणून आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असलेला कॅमेरा असेल तर बरं. फ्लॅशही आता डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा मिळतो. चॅम्पियनच्या वाघाला जो लखलखाट सोसावा लागायचा तो आता टळू शकतो.

आणि हो, यातलं कुठलंही यंत्र अभयारण्यात स्वतःच्या मनाने झाडाला बांधून यायचं नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. ज्ञानगंगेत बिबटे आणि अस्वलं आहेत. पाणी आटलं की सगळे त्याच त्या पाणवठ्यांवर येतात, आणि तिथे एकाने दचकून पाणी न पिता परत जाणं परवडणारं नसतं. चॅम्पियन स्वतः त्या जंगलाचा साहेब होता. त्याला परवानगी मागावी लागत नव्हती, तरी तार बांधून झाली की तो तिथून निघून जायचा.