पितळेला कंठ देणारा कारागीर : अ‍ॅडॉल्फ सॅक्स

लग्नाच्या वरातीपुढे बँड वाजू लागला की लहानथोरांची पावले थबकतात. परंतु पितळी वाद्यांना आजचे रूप देण्यासाठी कोणी किती हालअपेष्टा सोसल्या, याचा विचार क्वचितच कोणी करतो. तांब्यापितळेवर जिची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका चालली, त्या आपल्या तांबट ज्ञातीच्या स्मरणिकेत अशा एका परदेशी कारागिराचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले.

बेल्जममध्ये म्यूज नदीच्या काठी दिनाँ नावाचे गाव आहे. मध्ययुगात तेथील तांब्यापितळेची भांडी युरोपभर इतकी नावाजली होती की, फ्रेंच भाषेत अशा घडकामास त्या गावावरूनच नाव पडले. याच गावी ६ नोव्हेंबर १८१४ रोजी अ‍ॅडॉल्फचा जन्म झाला. त्याचे वडील वाद्ये घडवीत असत. पुढे हे कुटुंब ब्रुसेल्सला आले. बालपणी जिन्यावरून पडणे, टाचणी गिळणे, भाजणे अशा अनेक संकटांतून अ‍ॅडॉल्फ वाचला, असे चरित्रकार सांगतात. वडिलांच्या कारखान्यात तो हत्यार धरावयास शिकला आणि ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयात बासरी व क्लॅरिनेट वाजवावयास शिकला. घडविणारा हात आणि पारखणारा कान एकाच ठिकाणी आले, हेच त्याच्या पुढील कर्तृत्वाचे बीज होय.

१८४२ मध्ये तो पॅरिसला आला. प्रसिद्ध संगीतकार बेर्लिओझ याने वृत्तपत्रात लेख लिहून त्याची प्रशंसा केली. त्या काळी फ्रान्सच्या लष्करी बँडची अवस्था शोचनीय होती. ओबो व बसून यांचा नाजूक आवाज उघड्या मैदानावर विरून जाई आणि निरनिराळ्या पितळी वाद्यांच्या स्वरांचा एकमेकांशी मेळ बसत नसे. सॅक्सने उंच स्वरापासून खर्जापर्यंत एकाच घडणीच्या, कळा असलेल्या पितळी वाद्यांचे कुटुंब तयार केले. त्यांना सॅक्सहॉर्न म्हणतात. त्यांवर बोटे चालविण्याची रीत एकच असल्याने एक वाद्य आलेल्या शिपायास दुसरे सहज हाताळता येई. वाद्याचा आवाज धातूपेक्षा नळीतील हवेच्या आकारमानावर ठरतो, हे त्याचे मुख्य सूत्र होते.

२२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर हजारो लोकांसमक्ष परीक्षा झाली. एका बाजूस लष्करी संगीतशाळेचा प्रमुख काराफा याचा जुन्या पद्धतीचा बँड आणि दुसऱ्या बाजूस सॅक्सचा नवा बँड. सॅक्सचे काही वादक आयत्या वेळी आलेच नाहीत. तरीही लोकांनी त्याच्याच बाजूने कौल दिला. त्याच वर्षी सरकारने त्याची वाद्ये लष्करासाठी मान्य केली.

खरी कसोटी मात्र यानंतरची. पॅरिसच्या वाद्यकारांनी एकजूट करून त्याच्यावर खटले भरले. या वाद्यांत नवे काही नाही, असे त्यांचे म्हणणे. कळांची कल्पना जर्मनीत आधीच निघाली होती, हे खरे. प्रशियाच्या लष्करी बँडांचा सुधारक वीप्रेख्ट यानेही सॅक्सच्या श्रेयाविषयी वाद घातला. तथापि विखुरलेल्या कल्पनांची एका शास्त्रशुद्ध कुटुंबात जुळणी सॅक्सनेच केली. वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. १८४८ च्या क्रांतीनंतर सरकारी मान्यताही गेली आणि १८५२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. १८५४ मध्ये न्यायालयात त्याचा जय झाला आणि तिसऱ्या नेपोलियनने त्याच्या वाद्यांना पुन्हा लष्करात स्थान दिले. परंतु गेलेला पैसा व उमेद कोण परत देणार? १८७३ व १८७७ मध्ये पुन्हा दिवाळे निघाले आणि ७ फेब्रुवारी १८९४ रोजी पॅरिसमध्ये तो विपन्नावस्थेत निवर्तला.

ज्या सॅक्सोफोनमुळे त्याचे नाव आज घरोघरी पोहोचले आहे, त्याचे पेटंट १८४६ चे. पितळेच्या निमुळत्या नळीला क्लॅरिनेटसारखी वेताची पात लावून त्याने ते सिद्ध केले. पुढे विसाव्या शतकात जाझ संगीताने त्यास जगभर नेले. १९९६ मध्ये बेल्जमने दोनशे फ्रँकच्या नोटेवर सॅक्सचे चित्र छापले. ज्याचे तीनदा दिवाळे निघाले, त्याचेच चित्र चलनावर आले!

हे चरित्र लिहिताना आमच्या मनास एक गोष्ट टोचत राहिली. आमच्या आळीतील एका होतकरू तरुणाने भांडी ठोकण्याची निराळी रीत काढली होती. आळीने त्याची थट्टा केली. आम्ही शिक्षक, चार शब्द बोललो असतो तर कदाचित लोकांनी ऐकले असते, पण आम्हीही मौन धरले. तो तरुण धंदा सोडून गिरणीत लागला. त्याची रीत खरी होती की खोटी, हे आता कधीच कळणार नाही. सॅक्सला निदान एक मैदान मिळाले, जेथे दोन्ही बँड उभे राहिले आणि लोकांनी आपल्या कानांनी ऐकले. आपल्या ज्ञातीतील मुलांना एवढे तरी मैदान आपण द्यावे, एवढीच ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती.