बारा चटयांची तालीम

टोकियोला जाणारा भारतीय पर्यटक बहुधा आसाकुसाचे मंदिर, गिन्झाची रोषणाई आणि शिबुयाचा गजबजलेला चौक पाहून परततो. युद्धकलांची ओढ असलेल्या प्रवाशाची वाट थोडी वेगळी असते. सुमोच्या ओढीने तो रिओगोकुला जातो, कुदानशिताला उतरून निप्पोन बुदोकानचे अष्टकोनी छप्पर पाहतो आणि अखेरीस बुंक्यो विभागातील कासुगा येथे येऊन थांबतो. तेथे कोदोकानची आठ मजली इमारत उभी आहे. १९८४ मध्ये उभारलेल्या या वास्तूच्या सातव्या मजल्यावर ४२० चटयांचा मुख्य आखाडा आहे आणि त्यावरच्या सज्जात बसून कोणालाही सराव पाहता येतो. पांढऱ्या जाड सदऱ्यातील शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेले आजोबा एकाच चटईवर एकमेकांना आपटताना पाहून नवखा माणूस बावरतो. इमारतीसमोर एका लहानखुऱ्या गृहस्थांचा पुतळा आहे. हे ज्युदोचे जनक जिगोरो कानो.

ज्युदोचे जनक एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे आहे. ती अपुरी आहे. कानो हे पेशाने शिक्षक होते आणि आयुष्यभर शिक्षकच राहिले. त्यांच्या आखाड्याचा विचार त्यांच्या शाळेपासून वेगळा काढता येत नाही.

त्यांचा जन्म १८६० मध्ये आजच्या कोबे शहरात मोडणाऱ्या मिकागे या गावी झाला. हा परिसर साके या तांदळाच्या मद्यासाठी प्रसिद्ध. कानो घराणेही त्याच व्यवसायातले. जिगोरो लहान असतानाच आईचे छत्र हरपले आणि १८७१ मध्ये वडिलांसोबत ते टोकियोला आले. सम्राट मेइजींच्या राजवटीला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. एदो हे जुने नाव टाकून राजधानी झालेल्या या शहरात विटांच्या इमारती, आगगाडी आणि इंग्रजी शाळा यांची एकच धांदल उडालेली होती. वडिलांनी मुलाला परकीय भाषा शिकवणाऱ्या वसतिगृहाच्या शाळेत घातले. तेथे जिगोरो अभ्यासात सरस ठरले, मात्र अंगाने किरकोळ असल्यामुळे दांडगट मुलांच्या हाती नेहमी मार खात राहिले. प्रौढपणीही त्यांची उंची पाच फूट दोन इंचांच्या पुढे गेली नाही.

लहान चणीच्या माणसाला आडदांड माणसावर मात करता येते, असे ज्या विद्येबद्दल सांगितले जाई ती म्हणजे जुजुत्सु. सामुराईंची ही निःशस्त्र झुंजीची विद्या शिकावी, असे त्यांच्या मनाने घेतले. पण शिकवणार कोण? नव्या राजवटीने सामुराईंचे विशेषाधिकार काढून घेतले होते आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली. तालमी ओस पडल्या. एकेकाळी सरदारांच्या पदरी असलेले वस्ताद आता मोडलेली हाडे बसवून पोट भरू लागले होते. सुशिक्षित घरांत जुजुत्सु हा गावगुंडांचा उद्योग समजला जाई. वडिलांनीही नापसंती दर्शवली. तेव्हा विद्यापीठात शिकणाऱ्या या तरुणाने युक्ती योजली : हाडवैद्यांच्या पाट्या शोधत शहर पालथे घालायचे. एका हाडवैद्याने दुसऱ्याचे नाव सांगितले आणि १८७७ मध्ये हाचिनोसुके फुकुदा या तेन्जिन शिन्यो परंपरेच्या वस्तादांची गाठ पडली.

फुकुदांची शिकवण्याची तऱ्हा जुन्या वळणाची होती. डाव कसा बसतो हे विचारणाऱ्या शिष्याला ते उत्तर देत नसत; पुन्हा पुन्हा उचलून आपटत, म्हणजे तो आपोआप समजे. कुस्तीच्या मातीत वाढलेल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. अंगभर खरचटलेले जिगोरो उग्र वासाचे मलम चोपडून वर्गात बसत आणि सहाध्यायी त्यांची टर उडवत. तालमीत फुकुशिमा नावाचा धिप्पाड जोडीदार होता, तो काही केल्या हटेना. तेव्हा कानोंनी आधी सुमोचे डाव चाळले. तेवढ्याने भागेना म्हणून ग्रंथालयातून पाश्चात्त्य कुस्तीचे पुस्तक मिळवले. प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरून त्याला खांद्यांवर आडवा घेणारा, आपल्या कलाजंगाशी साधर्म्य असलेला एक डाव त्यांना त्यातून गवसला आणि फुकुशिमा चटईवर आला. हा डाव पुढे कातागुरुमा या नावाने ज्युदोत समाविष्ट झाला. जपानी संस्कृतीचे अस्सल प्रतीक म्हणून मिरवणाऱ्या विद्येत एक डाव परदेशी पुस्तकातून आला, ही गोष्ट ज्युदोच्या अभिमानी मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ऑगस्ट १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट टोकियोत आले असता त्यांच्यासमोर जुजुत्सुची प्रात्यक्षिके झाली, त्यांत कानोही होते. त्यानंतर काही दिवसांतच फुकुदा वारले. त्यांच्यामागून मासातोमो इसो यांच्याकडे आणि इसोंच्या निधनानंतर कितो परंपरेचे त्सुनेतोशी इइकुबो यांच्याकडे कानोंचे शिक्षण झाले. पहिल्या परंपरेत गळा आवळणे, सांधे पिरगळणे, जमिनीवर जखडणे यांवर भर होता, दुसरीत फेकीवर. दोन्हींची तुलना करताना त्यांच्या लक्षात आले की, सगळे मर्म डावात नसून डावाच्या आधीच्या क्षणात आहे. समोरच्याचा तोल एकदा ढळला की थोडक्या बळानेही तो पडतो. न ढळलेल्या माणसाला ढकलत बसणे म्हणजे निव्वळ दमछाक. पुढे चकमकीत आपण वस्तादांनाही वारंवार फेकू लागलो आणि इइकुबोंनी आता तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे उरले नाही, अशा आशयाची कबुली दिली, अशी आठवण त्यांनी नमूद केली आहे.

१८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानोंनी उएनोजवळच्या एइशोजी या बौद्ध मंदिरात जागा घेऊन स्वतःची तालीम सुरू केली. बारा चटयांची जागा, म्हणजे जेमतेम दोनशे चौरस फूट. पहिल्या वर्षी शिष्य नऊ. तालमीला त्यांनी कोदोकान, म्हणजे मार्गाच्या अध्ययनाचे गृह, असे नाव दिले आणि विद्येला जुजुत्सुऐवजी ज्युदो म्हटले. ज्यु म्हणजे मार्दव, दो म्हणजे मार्ग. त्याच वर्षी ते गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेत राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकवू लागले होते. दिवसा शाळा, संध्याकाळी आखाडा आणि रात्री भाषांतराची कामे, असा दिनक्रम असे. भाषांतराचे पैसे आखाड्याच्या खर्चात जात. इकडे देवळाची जमीन हादरू लागली, पितरांच्या नावाच्या पाट्या फळीवरून खाली येऊ लागल्या आणि भिक्षूंचा जीव मेटाकुटीला आला. वर्षभरातच बिऱ्हाड हलवावे लागले.

कानोंनी नेमके काय बदलले? जुन्या परंपरांतील जीवघेणे प्रहार त्यांनी ठरावीक कवायतींपुरते ठेवले आणि बाकीचे डाव पूर्ण ताकदीनिशी, तरीही इजा न होता लढता येतील असे निवडले. पडण्याचे शास्त्र आधी शिकवायचे, मग पाडण्याचे, हा क्रम त्यांनी पक्का केला. जुन्या घराण्यांत शिष्याला प्रावीण्याची सनद मिळण्यात वर्षानुवर्षे जात. कानोंनी गो या बैठ्या खेळात रूढ असलेल्या दान या श्रेणींचा आधार घेऊन पायऱ्या आखल्या. १८८३ मध्ये त्सुनेजिरो तोमिता आणि शिरो साइगो हे पहिले श्रेणीधारक झाले. पुण्या-मुंबईच्या गल्लीत आज कराटेच्या वर्गाला जाणारे मूल ज्या काळ्या पट्ट्याचे स्वप्न पाहते, त्याचा उगम या कोदोकानच्या श्रेणींत आहे. खुद्द कराटेला टोकियोत प्रतिष्ठा मिळण्यातही कानोंचा हात होता. १९२२ मध्ये ओकिनावाहून आलेल्या गिचिन फुनाकोशी या शिक्षकाला त्यांनी कोदोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी पाचारण केले. पांढरा गणवेश आणि पट्टा कराटेने ज्युदोकडून घेतला.

पोलिसांच्या सामन्यांत कोदोकानच्या मल्लांनी जुन्या घराण्यांना हरवले आणि संस्थेचे नाव गाजले. या विजयांभोवती आख्यायिकांचे इतके जाळे विणले गेले आहे की, तारीखवार हकिकत सांगण्याच्या फंदात न पडलेले बरे. सर्वांत तेजस्वी मल्ल साइगो मात्र कानो युरोपात असताना कोदोकान सोडून गेला आणि परतला नाही. १९२२ मध्ये तो वारल्यावर कानोंनी त्याला मरणोत्तर सहावी श्रेणी दिली. त्याच्यावर बेतलेली सुगाता सान्शिरो ही कादंबरी तोमितांच्या मुलाने लिहिली आणि तिच्यावरचा १९४३ चा चित्रपट हा अकिरा कुरोसावा यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ठरला.

कुमामोतो येथील उच्च विद्यालयाचे प्रमुखपद सांभाळल्यावर १८९३ मध्ये कानो टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य झाले. मधले खंड वगळता १९२० पर्यंत ते त्या पदावर होते. देशभरच्या माध्यमिक शाळांचे शिक्षक येथे घडत, त्यामुळे ज्युदोही शिक्षकांच्या पायांनी गावोगाव पोहोचला. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दुसरे काम. चीन-जपान युद्ध संपून फार काळ लोटला नव्हता तोच, १८९६ मध्ये चीनने १३ विद्यार्थी जपानला पाठवले आणि त्यांची जबाबदारी कानोंकडे आली. त्यातून १९०२ मध्ये कोबुन गाकुइन ही संस्था उभी राहिली. १९०९ मध्ये ती बंद होईपर्यंत सात हजारांहून अधिक चिनी तरुणांनी तेथे प्रवेश घेतला होता. आधुनिक चिनी साहित्याचे प्रवर्तक लू शुन हे त्यांपैकीच एक. त्यांनी कोदोकानमध्येही नाव नोंदवले होते.

भारताशीही एक धागा जुळतो. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी हे कोदोकानचे ज्युदो शिक्षक शांतिनिकेतनला आले आणि तेथील विद्यार्थ्यांना, मुलींनाही, ज्युदो शिकवू लागले.

१९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले आशियाई. १९१२ मध्ये स्टॉकहोमला त्यांनी जपानचे पहिले पथक नेले. पथकात खेळाडू दोनच. त्यातला शिझो कानाकुरी मॅरेथॉनमध्ये उष्म्याने कोलमडला आणि कोणालाही न कळवता निघून गेला. १९६७ मध्ये स्वीडनने त्याला सन्मानाने बोलावून शर्यत पुरी करायला लावली, तेव्हा त्याची वेळ भरली ५४ वर्षे, ८ महिने आणि ६ दिवस. गंमत अशी की, ऑलिम्पिकसाठी जगभर फिरणारे कानो ज्युदोला ऑलिम्पिकमध्ये नेण्याबाबत उदासीन होते. ज्युदो हा केवळ खेळ नव्हे, शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण यांचा तो मार्ग आहे, अशी त्यांची धारणा होती. पदकांच्या आणि राष्ट्रांच्या चुरशीत तो हरवेल, ही भीती त्यांना वाटे.

तरीही राष्ट्रांच्या चुरशीपासून त्यांची सुटका झाली नाही. १९४० चे ऑलिम्पिक टोकियोत व्हावे यासाठी सत्तरी उलटलेल्या या गृहस्थांनी जिवाचे रान केले. जुलै १९३६ मध्ये बर्लिनच्या बैठकीत टोकियोने हेलसिंकीला ३६ विरुद्ध २७ मतांनी हरवले. एक वर्ष उलटण्यापूर्वीच जपानी सैन्य चीनवर तुटून पडले. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंगमध्ये जे घडले ते जगाने पाहिले. ज्या देशाची सात हजार मुले कानोंनी शिकवली, त्याच देशाची शहरे जळत असताना मार्च १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीत त्यांना टोकियोची बाजू मांडावी लागली. चीनचा विरोध होता, अनेक देश बहिष्काराच्या विचारात होते आणि जपानमध्ये खुद्द लष्करालाच या खेळांत रस उरला नव्हता. खेळ राजकारणापासून अलिप्त असावेत, या भूमिकेवर कानो ठाम राहिले. ती भूमिका तत्त्वनिष्ठा होती की डोळेझाक, यावर आजही दोन मते आहेत. युद्धखोरांना त्यांनी साथ दिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या शब्दाने लष्कराची एक तुकडीही थांबली नाही, हेही खरे. कैरोत त्यांनी यजमानपद राखले.

परतीचा प्रवास अमेरिकामार्गे होता. हिकावा मारू या जहाजावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि योकोहामा बंदर दोन दिवसांवर असताना ४ मे १९३८ रोजी त्यांनी देह ठेवला. वय होते ७७. ऑलिम्पिकच्या ध्वजात गुंडाळलेली शवपेटी ६ मे रोजी धक्क्यावर उतरवण्यात आली. त्यानंतर अवघ्या सव्वादोन महिन्यांत, १५ जुलै रोजी, जपान सरकारने १९४० चे ऑलिम्पिक सोडून दिले. हिकावा मारू महायुद्धातून बचावले आणि योकोहामाच्या यामाशिता उद्यानाशेजारी संग्रहालय म्हणून नांगरून ठेवण्यात आले. टोकियोहून रेल्वेने अर्ध्या तासात योकोहामा गाठता येते. तरी युद्धकलांच्या शोधात निघालेल्या प्रवाशांपैकी तेथवर जाणारे थोडेच.

१९६४ मध्ये टोकियोला ऑलिम्पिक झाले आणि ज्युदोचा त्यात समावेश झाला. बुदोकानमध्ये खुल्या गटाच्या अंतिम लढतीत सहा फूट सहा इंच उंचीच्या अँटन गीसिंक या डच मल्लाने जपानच्या अकिओ कामिनागाला जखडून हरवले, तेव्हा प्रेक्षागृह सुन्न झाले. विजयाच्या भरात चटईकडे धावणाऱ्या आपल्या देशबांधवांना गीसिंकने हात वर करून थोपवले. हा शिष्टाचार कोदोकानचाच होता.

एका बाबतीत मात्र कोदोकानने फार काळ घालवला. कानोंनी १८९३ पासूनच स्त्रियांना शिकवण्यास आरंभ केला होता आणि १९२६ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही काढला; पण स्त्रियांनी सामने खेळावेत, हे त्यांना पटले नाही. १९३५ मध्ये त्या विभागात एक तरुणी दाखल झाली. उंची पाच फुटांहून कमी. नाव केइको फुकुदा. कानोंच्या पहिल्या वस्तादांची, त्या हाडवैद्य फुकुदांची ती नात. ज्युदोसाठी ती अविवाहित राहिली, पुढे अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला स्थायिक झाली आणि वर्षानुवर्षे पाचव्या श्रेणीवर अडकून राहिली, कारण स्त्रीला त्यावरची श्रेणी द्यायची नाही असा दंडक होता. सहावी श्रेणी मिळायला १९७२ साल उजाडले. कोदोकानने २००६ मध्ये तिला नववी दिली; दहावी २०११ मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेने दिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी ती वारली. कानोंकडून प्रत्यक्ष शिकलेल्यांपैकी हयात असलेली ती शेवटची शिष्या मानली जात होती.